दाराबाहेरचे बूट

बूटपॉलिशचा वास आला की वर्तकनगरचं आमचं दार आठवतं. बाबा गेल्यावरही आई त्यांचे कोलशेतच्या कंपनीतले जाडजूड बूट रोज चकचकीत करून दाराबाहेर ठेवायची. घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून. एका दुपारी आमची इमारत पाडायला निघालेल्या बिल्डरचा नवा माणूस कागद घेऊन आला. "सही करून टाका मॅडम, नाहीतर जड जाईल," म्हणत त्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला. आईनं ओले हात पदराला पुसत आत हाक मारली, "अहो, जरा बाहेर येता का?" त्यानं बुटांकडे बघितलं आणि "नंतर येतो" म्हणत जिना उतरला. कडी लावून आई परत मोरीकडे गेली. मी मात्र आतल्या खोलीकडेच बघत राहिले. इतकी वर्षं झाली, तो वास आला की अजून बघते.