उडी माराले पायजे

"उडी माराले पायजे," सर म्हणायचे, आणि म्हणता म्हणता आपली खुर्ची टेबलाजवळ आणखी जराशी ओढून घ्यायचे.

वर्ध्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले तेव्हा ते आमचे विभागप्रमुख होते. पन्नाशी ओलांडलेली, ॲप्रनला कडक इस्त्री, नोकरी कायमची. विषय कुठलाही निघो, लोणच्याचा की लग्नाचा, गाडी शेवटी जोखमीवर यायची. "ज्यानं रिस्क घेतली नाई, थो मानूस जगला नाई. फक्त हजेरी लावून गेला." नवे लोक हे ऐकून भारावून जायचे. मीही गेले होते. तुमच्याही कामाच्या जागी असा एक जण असेल. त्याचं बोलणं मनावर घेण्याआधी तो स्वतः कसा राहतो तेवढं न्याहाळा.

मी न्याहाळलं. देवळीहून ते रोज एसटीने येत. बसमध्ये मधलीच सीट, कारण पुढे धडकेची भीती आणि मागे गचके. कॅन्टीनमध्ये नवा पदार्थ आला की आधी दुसऱ्या कुणाला तरी खायला लावत आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसत. एकदा दवाखान्याने खेळाडूंसाठी वेगळा विभाग काढायचं ठरवलं आणि जबाबदारी सरांना देऊ केली. सर म्हणाले, "कल्पना चांगली हाये, पन सध्या वेळ बरोबर नाई." पुढच्या वर्षीही ती बरोबर नव्हती. मग त्यांना विचारणंच बंद झालं.

दुसऱ्यांची वेळ मात्र नेहमी बरोबर असायची.

निखिल माझ्याबरोबरच लागलेला. त्याला नागपुरात स्वतःचं सेंटर काढायचं होतं. त्याने सरांना विचारलं, "आधी तिथं कुठं अर्धवेळ काम करून अंदाज घेऊ का?" सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू धडधाकट पोराने कुबड्या मागितल्या. "काऊन भिऊन राह्यला बे? अंदाज घेत बसशीन तं केस पिकतीन. राजीनामा दे. मंग हातपाय आपोआप हालतात."

निखिलने राजीनामा दिला. ज्या रस्त्यावर जागा घेतली त्याच रस्त्यावर दोन जुनी सेंटर होती, हे त्याला पाटी लावल्यावर उमगलं. वर्षाच्या आत पाटी उतरली. तो परत नोकरी विचारायला आला तेव्हा त्याच्या जागी दुसरा बसला होता. सरांनी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि तो गेल्यावर आम्हाला म्हणाले, "त्यानं उडी मारली, पन मनापासून नाई मारली." एवढं बोलून डबा उघडला. त्या दिवसापासून मला सरांचा तिटकारा वाटू लागला.

पेशंटजवळ मात्र हा माणूस वेगळाच असे, हे सांगायलाच हवं. अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी उभं केलं तेव्हा मी बाजूला होते. आधी दोन्ही हातांनी धरलं, मग एका हाताने, मग कमरेच्या पट्ट्याला नुसती बोटं. मागे गादी, समोर खुर्ची. "टाका पाय, बाबाजी. पडले तं मी हावो." म्हाताऱ्याने पाऊल टाकलं. सरांनी कपाळाचा घाम पुसला. जोखीम कशी घ्यायची ते त्यांच्या हातांना पुरतं ठाऊक होतं. तोंडाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी हातांचं ऐकलं. कारंजा (घाडगे) माझं गाव. हायवेवरच्या ट्रक ड्रायव्हरांच्या पाठी आणि शेतात वाकणाऱ्या बायांचे गुडघे मला लहानपणापासून माहीत. तिथे स्वतःचं सेंटर काढावं असं मलाही वाटत होतं, पण मी नोकरी सोडली नाही. तिथल्या एका ओळखीच्या डॉक्टरांची रिकामी खोली फक्त रविवारी मागून घेतली. नाही जमलं तर रविवार जाईल, बाकी काही नाही.

सरांना कळलं तेव्हा ते सगळ्यांसमोर हसले. "ही रिस्क हाये का बेटा? हा तं आठवडी बाजार झाला."

सुरुवातीचे रविवार मी नि डॉक्टर चहा पीत बसलो. मग पाठ धरलेला एक ड्रायव्हर आला. तो बरा झाला आणि धाब्या-धाब्यावर सांगत सुटला. खोलीबाहेर माणसं उभी राहू लागली तेव्हा मी रजा काढून आणखी एक वार वाढवला. तोही भरला. मग राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी सर म्हणाले, "ही माह्या तालमीतली. मीच हिले उडी माराले लावली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

गेल्या हिवाळ्यात, निवृत्तीनंतर, ते कारंज्याला आले. बाहेर बसलेल्या पेशंटना त्यांनी जोखमीवर दोन शब्द ऐकवले. आत आल्यावर मात्र आवाज उतरला.

"घरी दिवस जात नाई. हात रिकामेच हायेत."

"गुरुवारी येत जा, सर," मी म्हणाले. "एकच दिवस. नाही आवडलं तर सोडून द्या."

"अन् मले जमलं नाई तं?"

मला वाटलं थट्टा करताहेत. तसं नव्हतं.

"तुम्हाला नाही जमणार?"

"वर्ध्याले माह्या मागे दवाखाना उभा होता," ते म्हणाले. मग उठले. "येतो. गुरुवारी येतो."

गुरुवारी मी दुसऱ्या टेबलावर धुतलेली चादर घातली आणि काही पेशंट त्यांच्यासाठी राखून ठेवले. वर्ध्याची बस आली, त्यानंतरचीही आली. मी फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला.

"तयार होऊन स्टँडवर गेलते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बस सुटेपर्यंत उभे होते म्हने. मंग परत आले. आता निजले हायेत. उठवू का?"

"नको. राहू द्या."

बाकावर तळेगावच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांचा हात खांद्यापासून वर जात नव्हता.

"थे मोठे डॉक्टर येनार होते ना?"

"नाही येत," मी म्हणाले. "या मावशी, मीच बघते."