पाच खणांची चालती पेटी

अवसरीच्या आमच्या घरासमोर थोरल्या भावाची जुनी जीप उभी असे. गॅरेजवाल्यावर त्याचा विश्वास नव्हता. गाडीचं सगळं काम तो घरीच करी. गुडघा अधू झाल्यावर गाडीखाली सरकणं त्याला जमे, पण पाना विसरला की पुन्हा उठणं जिवावर येई. तेव्हा त्याने मंचरच्या वेल्डरकडून पत्र्याची पाच खणांची पेटी करून घेतली. खणांची उंची त्याने जमिनीवर झोपून, हात लांबवून मोजून दिली होती. तळाशी ट्रॅक्टरची बॅटरी, म्हणजे खण उघडले तरी पेटी उलथायची नाही. भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटार, सायकलची चेन, चार चाकं आणि लांब वायरीला एक बटण. गाडीखालून बटण दाबलं की पेटी खरखरत त्याच्याकडे निघे. कोंबड्या पांगत.

ती पहिल्यांदा चालली तेव्हा शेजारचे काका कुंपणाशी येऊन उभे राहिले. "राव, हिचं लायसन काढलं का?"

"तुमच्या बैलापरीस बरी ऐकतीय, काका," भाऊ गाडीखालूनच म्हणाला.

त्या उन्हाळ्यात त्याने क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवला. काम निम्म्यावर असतानाच तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि मंचरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. जीप तशीच उघडी राहिली. विकत घ्यायला दोघंतिघं येऊन गेले, पण वहिनींनी कुणालाच होकार दिला नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की त्याने हातात घेतलेलं काम आधी पुरं व्हावं, आणि त्याने केलं असतं तसंच व्हावं. दसरा झाल्यावर भावाचा एक मेस्त्री मित्र येणार होता.

वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत. तरी खंडेनवमीच्या सकाळी वहिनी म्हणाल्या, "भावजी, सण नाय करायचा, पर हत्यारं तशीच कशी ठेवायची? पेटीला वरून हळदकुंकू लावा."

मी शाळेत शिकवतो, शाळेचं ग्रंथालयही माझ्याकडे आहे. अस्ताव्यस्त कपाट मला बघवत नाही. कुंकू लावण्याआधी मी वरचा खण उघडला. पाने, बोल्ट, वायसर, चिंध्या सगळं एकत्र, ग्रीसने माखलेलं. मला वाईट वाटलं. इतका नीटनेटका माणूस, त्याची हत्यारं अशी राहावीत? मी पाचही खण रिकामे केले. रॉकेलने एकेक वस्तू पुसली. पाने नंबराप्रमाणे लावले, बोल्ट लांबीप्रमाणे वेगळे केले. दुपारपर्यंत पेटी माझ्या ग्रंथालयासारखी दिसू लागली. तेवढे तास मला त्याच्याजवळ बसल्यासारखं वाटलं, हेही खरं.

मेस्त्री आला, त्याने वरचा खण ओढला आणि तसाच थांबला. "हे कुणी आवरलं?"

मी सांगितलं.

"अवो सर, तो खोलायचा तसं भरीत जायचा. पयलं जे निघंल ते वरच्या खणात, ज्या पान्यानं काढलं त्या पान्यासकट. मग त्याच्या खालचा खण. जोडताना खालून वर यायचं, बास. आता कोणता बोल्ट कुठला, मला काय ठावं?"

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून पेटीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आठवा."

मी डोळे मिटले. एरवी कोणतं पुस्तक कोणत्या फळीवर, हे मला झोपेतही सांगता येतं. वरचा खण आठवला: सतरा नंबरचा पाना, तीन लांब बोल्ट, एकाचं डोकं झिजलेलं. दुसऱ्या खणात शिरल्यावर सगळं एकात एक मिसळलं. मी पुसताना वस्तू पाहिल्या होत्या, जागा पाहिल्याच नव्हत्या.

मेस्त्रीने तीन दिवस अंदाजाने, बोल्ट लावून बघत, काढत, पुन्हा लावत गिअरबॉक्स चढवला. ते तीन बोल्ट त्याने अगदी शेवटी त्याच पान्याने आवळले. मला पाना हातात धरायला दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

जीप सुरू झाली. पुढच्या आठवड्यात मी वहिनींना त्यांच्या माहेरी, पिंपरी पेंढारला घेऊन निघालो. नारायणगाव मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा. ह्या कामात त्यांच्या हिशोबानं झालेलं काय हाय?"

"ते तीन बोल्ट," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पदर सारखा केला. "हळू घ्या मग जरा. खड्डे लई हायेत."

मी गाडी हळू घेतली.