देखणे नमुने

प्रयोगशाळेत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे ‘काटेकोर’. तिला दोन्ही ऐकू यायचं, आणि खरं म्हणजे दुसरंच जास्त आवडायचं. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांची शीट तपासणं हे तिचं काम. ऐन उमेदीत बघायला आलेल्या मंडळींनी विचारलं होतं, “मुलगी काय करते?” आई म्हणाली, “संशोधन.” ही म्हणाली, “शीट तपासते.” मंडळी अर्धा चहा टाकून उठली. आई आठवडाभर बोलली नाही. हिने मात्र आयुष्यभर तेच केलं आणि कधी लाजली नाही.

त्या शिटेत ती काय शोधायची? रक्तातलं एक प्रथिन. आतडं धड असेल तर ते आपलं रक्तात राहतं. आतड्याचं अस्तर झिरपायला लागलं की ते आतड्यात उतरतं आणि शिटेतून बाहेर येतं. तेही पक्षी पिसं फुगवून कोपरा धरण्याच्या बऱ्याच आधी. बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये नमुन्यांचं पाणी घालायचं, वर औषधं घालायची आणि रंगाची वाट पाहायची. आतडं जितकं गळकं, तितका खळगा जास्त पिवळा.

तिच्या थोरल्या भावाची पोल्ट्री होती. पक्ष्यांची मागची बॅच आतड्याच्या दाहाने गेली. संध्याकाळी खाद्यावर तुटून पडलेले पक्षी सकाळी पाय ताणून पडलेले. मेलेल्या पक्ष्यांच्या खड्ड्यात चुना पडत असतानाच पिल्लं देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, “काका, परत असं झालं तर या शेडमध्ये आमची गाडी येणार नाही.” दादाला दुसरं काही येत नव्हतं आणि नव्याने शिकण्याचं वय गेलं होतं. शेड बंद म्हणजे दादाच बंद.

म्हणून या बॅचला काटेकोरने बजावून ठेवलं होतं, जरा शंका आली की नमुने पाठव. आणि दादाचा फोन आला. “खाली पसरलेला भुसा ओला होऊन पायाला चिकटतोय. पाणीही जास्त पितायत. डॉक्टरांना बोलावू का?”

“आधी नमुने दे. उगाच औषधं ओतू नकोस.”

वहिनी स्वतः नमुन्यांचा डबा घेऊन आली. काटेकोरने प्लेट लावली. सगळे खळगे पाण्यासारखे. तिने फोन केला, “दादा, साफ आहे.” पलीकडून त्याने इतका मोठा श्वास सोडला, की तो तिच्या कानाला लागला. “मग डॉक्टरांना नको म्हणून सांगतो,” तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तिचा घास हातातच राहिला. सगळे साफ? अगदी ठणठणीत शेडमध्येही दोन-चार पक्षी थोडे आजारी असतात, खळगा थोडा तरी पिवळसर दिसतो. इथे एकही नाही. तिने प्लेट परत उजेडात धरली. तुलनेसाठी ठेवलेला गळक्या आतड्याचा नमुना चांगला गडद झाला होता. म्हणजे तपासणी बरोबर होती. मग चूक कुठे होती, हे तिला कळलं. बाहेरचा कुणी डबा घेऊन आला की ती त्याला उभं-आडवं विचारायची: कुठून उचलली, कशी उचलली, कुणी उचलली. वहिनीला काही विचारलं नव्हतं. मागे एकदा विचारलं तेव्हा वहिनी फणकारली होती, “आमच्यावरही पोलिसी चौकशी?” नात्यात कटकट नको म्हणून या वेळी हिने विचारणंच टाळलं. काटेकोर म्हणे!

रिक्षा करून ती शेडवर पोचली तेव्हा दादा पाण्याच्या भांड्यांशी वाकला होता.

“तू कशी?”

“वहिनी, नमुने कसे घेतले ते करून दाखवा. आत्ता.”

वहिनीने दाराशीच कागद अंथरला. धीट, गुबगुबीत पक्षी तुरुतुरु पुढे आले. कागदावर बरंच काही पडलं. वहिनीने त्यातली घट्ट, वर पांढरी टोपी असलेली तेवढी चमच्याने अलगद उचलली आणि पातळ, शेंबडासारखी होती ती कागदासकट बाजूला सारली.

“ती का टाकलीत?”

“अहो, असली घाण तुमच्या ऑफिसात पाठवायची? साहेब लोक बघणार. घराण्याचं नाव लागतं डब्याला! मी देखणी देखणी वेचून दिली.”

काटेकोरला हसू यायला हवं होतं. आलं नाही. दादाचा चेहरा भुशाच्या रंगाचा झाला. तो बायकोवर नाही, बहिणीवर ओरडला. “तू साफ म्हणालीस! तुझ्या शब्दावर मी डॉक्टरांना नको म्हटलं!”

“हो. म्हणाले. ओरड, पण नंतर. कागद दे.”

तिने साडी खोचली आणि शेडच्या पार टोकाशी गेली. तिथे भिंतीला टेकून काही पक्षी माना आखडून बसले होते. आवाज केला तरी हलेनात. तिने थोड्या थोड्या अंतरावर कागद टाकले आणि पडेल ते उचललं, घट्ट, पातळ, नारिंगी, जे असेल ते. तिच्या कपाळावरचा घाम डब्यात पडू नये म्हणून वहिनी न सांगता पदर घेऊन शेजारी उभी राहिली.

“बोलवायचं ना डॉक्टरांना?” दादाने विचारलं.

“आत्ताच. माझ्या रंगाची वाट बघू नकोस.”

प्रयोगशाळेत परत प्लेट लागली. ती खुर्चीत बसेना. पहिला खळगा पिवळा झाला, मग शेजारचा, मग सबंध रांगच उजळली. निम्म्याहून जास्त खळगे पिवळे, पण गडद एकही नाही. तिने शेडवर फोन लावला तेव्हा डॉक्टर पाण्याच्या टाकीशीच उभे होते. “गळतंय,” ती म्हणाली. “पण फार नाही. अजून वेळ आहे.” डॉक्टर म्हणाले, “मग घालतो औषध,” आणि फोन बंद केला.

पुढचे काही दिवस दादा शेडमध्येच झोपला, ओला भुसा उपसत, कोरडा पसरत. टोकाकडचे पक्षी गेलेच. रोज फोनवर तो फक्त मेलेल्यांचा आकडा सांगायचा आणि ठेवायचा. आकडा आधी वाढला, मग अडला, मग उतरला. ज्या दिवशी आकडा नव्हता त्या दिवशी तो फोनवर नुसताच खोकला आणि म्हणाला, “जेवलीस का?” तेवढ्यावरून तिने ओळखलं.

बॅच वाढून विक्रीला निघाली. कंपनीची गाडी पुन्हा पिल्लं घेऊन आली.

आणि नव्या बॅचचा पहिला डबा घेऊन वहिनी प्रयोगशाळेत आली ती विजयी मुद्रेने. झाकण उघडताच टेबलाभोवतीची माणसं दोन पावलं मागे सरली.

“या वेळी चूक नाही हं,” वहिनी म्हणाली. “सगळं शेड पालथं घातलं. वेचून वेचून वाईटातली वाईट आणली!”

काटेकोरने कपाळावर हात मारला, पर्स उचलली आणि वहिनीचा दंड धरला. “चला. वेचायचंच नसतं, वहिनी! आजपासून कागद मी टाकणार.”