मीटरकाकू आणि बदकांची ऊब

गल्लीत त्यांना सगळे मीटरकाकू म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्या इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायच्या आणि व्होल्टेज मोजायचा मीटर लावल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायच्या नाहीत. मीटर त्यांच्या पहिल्या कमाईचा होता, पिवळा, कोपऱ्यात काच तडकलेली आणि त्यावर चिकटपट्टी. "बरं झालं, मला बघायला आलीस तेव्हा हा नव्हता," नवरा म्हणायचा, "नाहीतर मी नापास झालो असतो."

गल्लीच्या टोकाला राहणारी त्यांची धाकटी नणंद बदकं पाळायची. मध्यंतरीच्या रोगाच्या साथीत तिची सगळी बदकं गेली. आता पुन्हा उभं राहायचं म्हणून तिने ओळखीपाळखीतून चांगली अंडी जमवली होती आणि वहिनीकडून उबवणीची पेटी बनवून घेतली होती. या वेळी पिल्लं निघाली नाहीत तर तिचा धीर सुटेल, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

अंडी पेटीत गेली आणि पेटीच्या पडद्यावरचा तापमानाचा आकडा नाचू लागला. हीटर चालू झाला की तापमान एकदम वर, बंद झाला की खाली. चूक काकूंचीच होती. पेटीतला मायक्रोकंट्रोलर सेन्सरचा व्होल्टेज मोजायला वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरचे पाच व्होल्ट प्रमाण धरत होता, आणि हीटर चालू करणारा रिले, म्हणजे आपोआप लागणारा स्विच, ओढला गेला की तेच पाच व्होल्ट जरासे खाली बसत. फूटपट्टीच आखडली तर कापड लांब भरणारच. म्हणून काकूंनी वेगळी रेफरन्स चिप बसवली. तिने कायम अडीच व्होल्ट द्यायचे, बाकी काहीही होवो.

मीटर म्हणाला, दोन पॉइंट सात.

"बोगस चिप," म्हणत काकूंनी दुसरी लावली. तीही दोन पॉइंट सात. तिसरीही तेच. शेवटी वैतागून त्यांनी प्रोग्रॅममध्येच अडीचच्या जागी दोन पॉइंट सात लिहून टाकलं. आकडा साडेसदतीस अंशांवर शहाण्यासारखा बसला आणि काकू खुशीत घरी आल्या.

दोन दिवसांनी जेवताना त्या अजून त्या चिपांच्या नावाने बोटं मोडत होत्या.

"म्हणजे सगळ्या खोट्या आणि तू एकटी खरी," नवरा म्हणाला. "माझ्या माहेरच्यांबद्दलही तू हेच म्हणतेस."

"पुरुषाला माहेर नसतं," काकू म्हणाल्या खऱ्या, पण हातातला घास हातातच राहिला. सगळ्या चिपा नेमकं एवढंच खोटं कशा बोलतील?

त्या तशाच उठल्या. चिकटपट्टी ओरबाडून काढली. तिच्याखाली, काचेच्या कोपऱ्यात, बॅटरी संपत आल्याची खूण दिसत होती. नवी बॅटरी घातल्यावर घरी परत आणलेल्या दोन्ही चिपा मुकाट अडीच दाखवू लागल्या. त्यांच्या लाडक्या मीटरचंच प्रमाण आतून घसरलं होतं, आणि म्हणून तो जगाला जास्त मोजत होता. म्हणजे प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या त्या फुगलेल्या दोन पॉइंट सातमुळे पडदा साडेसदतीस म्हणत होता तेव्हा पेटीत पस्तीसही नव्हते. अंडी दोन दिवस गारठत होती.

काकू चप्पल न घालताच नणंदेकडे धावल्या. पेटीचं झाकण उघडलं. अंड्यांच्या मधोमध, जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी होती.

नणंद चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. "हाताला गार लागत होती गं वहिनी. रात्रीही उठून पाणी बदलत होते."

"मग मला सांगायचं नाही?"

"आकडा बसला म्हणून तू किती खुश होतीस. कसं सांगू?"

काकूंना रडू आलं, आणि रडतारडताच हसू फुटलं. डोळे पुसून त्यांनी प्रोग्रॅममध्ये अडीच लिहिलं आणि हीटर लागलीच चालू झाला. नणंद पिशवी काढायला गेली तर काकूंनी तिचा हात धरला. "राहू दे आजचा दिवस. माझा काय भरवसा?"

पिल्लं जरा उशिरा निघाली, पण बहुतेक सगळी निघाली. आता बघायला येणारे पेटीचं कौतुक करतात. काकू ते पुरतं ऐकून घेतात आणि मग सांगतात, पेटी माझी आहे, पण पिल्लं हिने जगवली.