तिसरा ढीग

कोणत्याही घरात शिरल्यावर मावशी आधी खाली बसायच्या. खुर्ची समोर असली तरी जमिनीवर, उंबऱ्यापासून चार हात आत. मग सावकाश डावीकडून उजवीकडे नजर फिरवायच्या. घरमालक पाट आणायला आत जायचा, तो पाट घेऊन येईपर्यंत यांचं बघून झालेलं असायचं.

“घर उभ्यानं बगायचं नसतं,” त्या म्हणायच्या. “उभ्यानं छप्पर दिसतं. राहायचं तर खाली हाय.”

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाला माझा हात एकदा लागलेला आहे, पुन्हा लावायची हिंमत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी महाडात, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला माझा एक गाळा होता. घरं आणि जागा यांचे व्यवहार जुळवून द्यायचे, हा धंदा. कारखान्यांत नोकरीला आलेल्यांना घरं हवी होती आणि मुलं पुण्या-मुंबईला गेलेल्यांना ती विकायची होती. काम सोपं वाटावं असंच होतं. पण तुम्हीही पाहिली असतील अशी घरं. ओटीवर भाताची पोती, पोत्यांवर चाक नसलेली सायकल, सायकलवर वाळत घातलेली चादर. एका खिळ्यावर सात वर्षांची कॅलेंडरं, एकावर एक. गिऱ्हाईक यायचं, बसायचं, चहा अर्धा ठेवून जायचं.

मावशी मूळच्या पोलादपूरकडच्या, कापड्याच्या. बिरवाडीत भाडेकऱ्यांनी सोडलेल्या खोल्या धुऊन-पुसून द्यायच्या. असंच एक गिऱ्हाईक बिरवाडीतल्या घरातून उठून गेलं, तेव्हा त्या शेजारच्या खोलीत फरशी घासत होत्या. ते गेल्यावर घरमालकाला न विचारता आत आल्या, खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊ, तुमी त्या मानसाला घर नाय दाखवलंत. ह्यांचा पसारा दाखवलात.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही भागीदार झालो.

पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: ‘घर विकण्यापूर्वी आवरून व मांडून मिळेल.’ पेंटरने रंगवता रंगवता विचारलं की जे विकायचंच आहे ते आवरायचं कशाला. हा प्रश्न पुढे आम्हाला सगळ्या तालुक्याने विचारला. पाटी बघून पहिला माणूस आला त्याला घर विकायचं नव्हतं, मुलीला बघायला पाहुणे येणार होते. दुसऱ्याकडे सासू यायची होती. ज्यांना खरोखर विकायचं होतं त्यांना राग यायचा. आमचं घर काय घाण आहे का, असं एका बाईंनी दारातच विचारलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, “घर चांगलंच हाय गो. दिसत नाय येवडंच.”

त्यांची पद्धत ठरलेली. तीन ढीग. जाणारं, राहणारं आणि विचारायचं. पहिले दोन तासाभरात व्हायचे. तिसऱ्याला कधी कधी चार दिवस लागायचे, कारण त्यातली एकेक वस्तू हातात घेऊन त्या मालकाला विचारायच्या. विचारल्याशिवाय एक बाटलीचं बूचही बाहेर जायचं नाही. मला या ढिगाचा कंटाळा यायचा.

एका निवृत्त कारकुनांकडे अकरा मोडक्या छत्र्या निघाल्या. मावशींनी पहिली उचलली. ही कुणाची? वडिलांची. दुसरी? तीही वडिलांची. पाचव्या छत्रीला मावशी म्हणाल्या, “लय पाऊस खाल्ला हो वडलांनी.” ते गृहस्थ, ज्यांना मी दोन महिन्यांत एकदाही हसताना पाहिलं नव्हतं, इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी स्वतः दहा छत्र्या पहिल्या ढिगावर टाकल्या. एक ठेवली. घर पंधरा दिवसांत गेलं.

सगळं निघालं की मावशी पक्कड घेऊन भिंतीतले खिळे काढायच्या, भोकं चुन्याने बुजवायच्या. मग दाराशी भरलेला माठ, एक चटई, ओट्यावर घासलेले चार डबे. बस्स. माणसं यायची आणि चहा पूर्ण प्यायची.

आता ज्यासाठी हे लिहितो आहे ते.

महाडच्या खालच्या आळ्यांमधल्या घरांत दाराजवळच्या भिंतीवर एक खूण असते. पूर येऊन गेला की घर नव्याने रंगवतात, पण पाणी जिथवर आलं होतं तिथे तेलरंगाची वीतभर रेघ मारून ठेवतात. नदी चढू लागली की कुणी कुणाला फार सांगत बसत नाही. सामान खुणेच्या वर चढवायचं आणि घराबाहेर पडायचं.

अशा एका आळीतलं एका मास्तरांचं घर आमच्याकडे आलं. खूण लाल होती, छातीइतक्या उंचीवर. मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आपणहून दाखवायच्या. दोन गिऱ्हाइकं ती बघून परत गेली. मास्तरांना पुण्याला मुलाकडे जायची घाई होती आणि ते रोज गाळ्यावर येऊन बसत. मी मावशींना सुचवलं की तिथे एखादं कपाट लावू.

“लंगडी म्हस पान्यात उभी करून इकतात, तसं?” त्यांनी विचारलं.

मी विषय सोडला.

जानेवारीत त्या सुनेच्या बाळंतपणासाठी आठ दिवस कापड्याला गेल्या. त्याच आठवड्यात साताऱ्याकडचं एक जोडपं घर बघायला येणार होतं. नवरा कारखान्यात, बायको शिवणकाम करणारी. ते यायच्या आधी मी खुणेच्या वर एक खिळा ठोकला आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर लावलं. आमच्या गाळ्याचंच, वर लाल अक्षरांत माझं नाव छापलेलं. खूण बरोबर झाकली गेली. त्या दोघांनी चहा पूर्ण प्यायला. मावशी परत आल्या तेव्हा व्यवहार झाला होता. खूण सांगितलीत ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

त्याच जुलैत एका दुपारी नदी बाजारात आली. शेजाऱ्याने त्या जोडप्याला हाक मारून सांगितलं की खुणेच्या वर सामान ठेवा आणि आमच्या माडीवर या. त्यांनी भिंती बघितल्या. खूण दिसली नाही. त्यांचा समज झाला की आपलं जोतं उंच, आपल्याकडे पाणी येत नसणार. तरी खबरदारी म्हणून बायकोने शिलाई मशीन टेबलावर ठेवलं आणि शाळेचे शिवून तयार असलेले गणवेश कमरेइतक्या उंचीच्या फळीवर रचले.

पाणी खुणेच्या चार बोटं खाली थांबलं. खूण अगदी बरोबर होती.

तिसऱ्या दिवशी मावशी बिरवाडीहून चिखल काढायला आल्या. मीही फावडं घेऊन होतो. गणवेशांचा एकच तपकिरी गोळा झाला होता. भिंतीवर कॅलेंडर चिकटून बसलं होतं. मावशींनी ते सोडवलं आणि मागे लाल खूण निघाली. नवऱ्याने ती पाहिली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मावशी, घर तुम्ही मांडलेलं म्हणून आम्ही काही विचारलं नाही,” तो म्हणाला. “हे तुम्ही झाकलंत?”

मावशींनी खिळ्याकडे बघितलं. त्या भिंतीतला एकूण एक खिळा त्यांनी स्वतः काढला होता. मग माझ्याकडे बघितलं. मी चिखल ओढत होतो. जिथला ओढून झाला होता तिथलाच पुन्हा ओढत होतो, हे मला स्पष्ट आठवतं.

“घर मी मांडलं,” त्या म्हणाल्या. “जबाबदारी माजी.”

कॅलेंडरची गुंडाळी करून त्यांनी पिशवीत घातली आणि संध्याकाळपर्यंत भिंती धुतल्या.

महाडात बातमीला पाय लागत नाहीत. महिनाभरात मावशींना घरात घ्यायला कुणी तयार होईना. बिरवाडीच्या खोल्यांचं कामही सुटलं. शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून शाळेने काम काढून घेतलं. मी पाटी उतरवली आणि पुन्हा नुसते व्यवहार जुळवू लागलो. माझं नाव चांगलंच राहिलं.

मावशी कापड्याला गेल्या. नंतर एकदाच भेटल्या, पोलादपूरच्या स्टँडवर. माझ्या मुलांची चौकशी केली. मग म्हणाल्या, “भाऊ, तुमाला येक इचारायचं हाय.” तेवढ्यात त्यांची गाडी लागली. मला सुटल्यासारखं वाटलं. ते मी लपवत नाही, लपवायचं जे होतं ते लपवून झालं आहे.

तीन वर्षांनी त्या गेल्याचा निरोप आला. दिवसकार्य झाल्यावर मी कापड्याला गेलो. सुनेने सांगितलं की अंथरूण धरायच्या आधी त्यांनी आपलं सगळं स्वतः आवरलं. तीन ढीग केले. जाणाऱ्यात लुगडी, भांडी, जवळजवळ सगळंच. राहणाऱ्यात पक्कड. तिसऱ्यात एकच वस्तू होती. तिने ती आतून आणली. सुतळीने बांधलेली कागदाची गुंडाळी.

“आई बोलल्या, ह्ये भाऊंना इचार,” ती म्हणाली. “ठेवायचं का टाकायचं, त्ये तेच सांगतील.”

मी सुतळी सोडली. जुलैचं पान. अर्ध्याच्या खाली वाळलेला चिखल, वर लाल अक्षरं स्वच्छ. पाणी माझ्या नावापर्यंत पोचलं नव्हतं.

तिथून मी थेट महाडला, त्या आळीत गेलो. शिवणकाम करणाऱ्या बाई दारातच मशीनवर बसल्या होत्या. समोर लाल खूण, तिच्यावर हातभर उंचीला नवी फळी. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली.

मी उंबऱ्यापासून चार हात आत, खाली बसलो. कॅलेंडर उलगडून समोर ठेवलं. म्हणालो, “वहिनी, हे मावशींनी लावलं नव्हतं. त्या गावाला होत्या. मी लावलं.”

त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. कॅलेंडरवरचं नाव वाचलं. मग आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, “अहो, बाहेर या जरा. मावशींचं सांगायला आलेत.”