खंडेनवमीचा कॉम्प्युटर

स्वतः चूक करायची आणि खापर घरातल्या सुनेच्या डोक्यावर फोडायचं, ही रीत काही नवी नाही. पण कॉम्प्युटर बंद पडला तरी तीच रीत चालावी म्हणजे कमाल झाली. कन्हेरीच्या म्हाळसाच्या वाट्याला हे सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याला आलं, आणि तिच्या जागी दुसरी कुणी असती तर गप्प बसून जन्म काढला असता.

म्हाळसा पणदऱ्याची लेक. आजोबांच्या काळापर्यंत त्यांची मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली आणि पोरीला बारावीपर्यंत शिकवलं. सासरी कन्हेरीत दोन म्हशी, सासू आणि नवरा बिरदेव. तो डेअरीच्या दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर. सकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून ही बाई रोज बारामतीला जायची आणि दोन तास कॉम्प्युटर शिकायची. सहा महिन्यांत तिनं एक दिवस चुकवला नाही. क्लासच्या विनया मॅडम म्हणायच्या, पडद्यावर काही अडलं की बाकीच्या मुली माझ्या तोंडाकडं बघतात, ही एकटी पडद्याकडं बघते. त्यांनीच तिला सांगितलं, दसरा झाला की पुढच्या सोमवारपासून मुलींची सकाळची बॅच तू शिकव. त्या दिवशी म्हाळसा एसटीत खिडकीकडं तोंड करून एकटीच हसत बसली होती.

पण नोकरी म्हटलं की इंदापूरचा शब्द लागायचा. इंदापूरला बापूसाहेब, म्हणजे बिरदेवचे थोरले चुलते, सगळ्यांचे तात्या. सासरे गेल्यापासून या घरात त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. साखर कारखान्यात काट्यावर कारकुनी करून रिटायर झालेला माणूस. ऑफिसात नवी मशिनं आली तेव्हा जुना कॉम्प्युटर लिलावात निघाला, तो तात्यांनी हौसेनं उचलून आणला. त्याच्यावर क्रोशाचं कव्हर, कव्हरावर प्लॅस्टिकची फुलं. आल्यागेल्याला कव्हर काढून दाखवायचे आणि परत घालायचे. चालवता येत होता एका म्हाळसाला. ती इंदापूरला गेली की तात्या शेजारीपाजारी बोलावून आणायचे आणि तिला खुर्चीत बसवायचे. त्या तोऱ्यातच त्यांनी नोकरीला होकार दिला होता. "माझं मशीन चालवती ती. जाऊ दे तिला," एवढंच म्हणाले होते. म्हाळसाची सगळी नोकरी त्या एका वाक्यावर उभी होती.

देव थोरल्याच्या घरी, म्हणून खंडेनवमीला सगळी भावकी इंदापूरला जमली. पाटावर हत्यारं मांडली. मेंढरं गेली तरी लोकर कातरायची जुनी कातर होती, विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने होते, आणि यंदा मधोमध कॉम्प्युटर. पुसून घ्यायचं काम तात्यांनी म्हाळसालाच सांगितलं. तिनं पुसला आणि हळूच म्हणाली, की बटणांवर फडकं टाकू का, भंडारा आत जाईल. तात्या म्हणाले, देवाचं आहे, उडू दे. मग काय, एकेका पुरुषानं येऊन मुठीमुठीनं भंडारा उधळला, वर ओलं कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. आणि अक्षता तरी कसल्या? तात्यांच्या बायको धोंडाबाई, हात फार आखडता. चांगला तांदूळ दसऱ्याच्या भाताला ठेवून त्यांनी रेशनच्या कण्या कुंकवात कालवल्या होत्या. अक्षता अख्ख्या तांदळाच्या हव्यात हे भावकीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, पण थोरल्या जावेला सांगणार कोण?

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि तात्यांनी चारचौघांत मशीन चालू केलं. ते जे टीं टीं करायला लागलं ते थांबेचना. बंद केलं, चालू केलं, वरून थापट्या मारल्या. तेच. म्हाळसा पुढं सरकली तसा धोंडाबाईंनी हात आडवा घातला.

"काल ह्याला हात कुणी लावला हुता?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भायेरची तर न्हवतीस गं तू?"

सोप्यात आठ-दहा पुरुष होते. दीर होते, चुलतसासरे होते, शेजारचा झुंबर सोनं द्यायला आलेला होता. एवढ्या माणसांत एका बाईला तिच्या महिन्याच्या चार दिवसांचा हिशेब विचारायचा, आणि वर तिनं मान खाली घालून उत्तर द्यायचं. म्हाळसाच्या कानशिलात जाळ उठला. ती नवमीला बाहेरची नव्हती. 'न्हाय' एवढा एक शब्द म्हटला असता तर सुटली असती. पण तो शब्द तिच्या तोंडातून निघेना, कारण तो उच्चारायचा म्हणजे हा प्रश्न विचारायचा त्यांचा हक्क मान्य करायचा. ती गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे कबूल झाली, असं सगळ्यांनी धरलं. बिरदेव स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला. त्याचा तिला जास्त राग आला.

तात्या म्हणाले, "सोमवारचं ऱ्हाऊ दे आता. उद्या दुसऱ्याची मशिनं बिघडली तर नाव आमचं जाईल."

झालं. सहा महिन्यांची एसटी, पहाटेच्या धारा, वहीत काढलेली बटणांची चित्रं, सगळं एका विटाळाच्या संशयावर पाण्यात.

पुढं बारामतीहून चिंतामण नावाचा मेकॅनिक आला. तो खुर्चीत बसला, चहा प्याला, मशिनाचं टीं टीं ऐकलं आणि पडदा न लावताच सांगून मोकळा झाला की मदरबोर्ड गेला, भंगारात घाला. तात्यांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं. त्याच्या घरची कुणी बाहेरची होती का, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही.

कन्हेरीत म्हाळसा आठवडाभर धुमसत होती. विटाळ म्हणे! या घरात दोन म्हशींची धार तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हती, सासूचे हात संधिवातानं वाकडे. त्यामुळे महिन्याच्या चारही दिवसांत धार हीच काढायची, ते दूध डेअरीत जायचं, आणि म्हैस व्याल्यावर तिनंच काढलेल्या चिकाचा खरवस इंदापूरला गेला की धोंडाबाई बोटं चाटून खायच्या. तेव्हा विटाळ कुठं जायचा? म्हैस आटेल, दूध नासेल अशी भीती एकदाही कुणाला वाटली नव्हती.

सोमवार उद्यावर आला. रविवारी सकाळी उठली तर तिची पाळी आलेली. ती क्षणभर उंबऱ्यात थांबली. मग धार काढली, आंघोळ केली आणि बिरदेवला म्हणाली, मला इंदापूरला सोडा. बिरदेवनं चप्पल घातली, मोटरसायकल काढली. दसऱ्यापासून त्याचंही मन त्याला खात असावं. पण तेवढ्यावर ती त्याला लगेच माफ करणार नव्हती.

इंदापूरला तात्या सोप्यात पेपर वाचत होते. मशीन कोपऱ्यात, त्यावर जुनं धोतर टाकलेलं. क्रोशाचं कव्हर धोंडाबाईंनी धुऊन टीव्हीला घातलं होतं. म्हाळसानं विचारलं, एकदा बघू का? धोंडाबाई आतून काही बोलणार तोच तात्या म्हणाले, बघू दे, मेलेल्याला आता काय व्हायचंय. म्हणजे जिवंत होतं तोवर हिचा हात नको, आणि मेल्यावर खुशाल लाव. हे ऐकूनही ती सरळ मशिनापाशी गेली, कारण आता तिला बोलण्यापेक्षा बघायचं होतं.

तिनं पडदा जोडला आणि बटण दाबलं. टीं टीं सुरू झालं. तिनं त्या आवाजाकडं लक्ष न देता पडद्याकडं पाहिलं. पिवळ्या अक्षरात आकडे मोजले गेले, आणि त्यांच्याखाली एक ओळ येऊन थांबली. मशीन चालू होताना आधी स्वतःला तपासतं आणि काय दुखतंय ते इंग्रजीत सांगतं, हे मॅडमनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ओळ सरळ होती: कीबोर्डमध्ये बिघाड. आठ दिवस ते बिचारं कोकलून सांगत होतं, पण वाचतो कोण? चिंतामणनं वाचलं नाही आणि तात्यांनी, जन्मभर कारकुनी केलेल्या माणसानं, वाचलं नाही. सगळे तिच्या पदरात कारण शोधत बसले होते.

तिनं मशीन बंद केलं, कीबोर्ड सोडवला, दारात जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर उलटा धरला आणि मागून थोपटला. भुरभुर करत भंडारा पडला, कागद पिवळा झाला. मग ती एकेक बटण दाबून बघायला लागली. सगळी दबून वर येत होती, उजव्या कोपऱ्यातलं एक दबलेलंच होतं. तिनं अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याच्या टोकानं ते बटण अलगद उचकटलं. खाली तांदळाची एक लाल कणी, ओल्या कुंकवानं चिकटून वाळलेली.

बटण परत बसवलं, वायर जोडली, मशीन चालू केलं. एकदाच टीं झालं. आकडे मोजले गेले, ओळी सरकल्या आणि पडद्याच्या कडेला कर्सरची छोटी रेघ लुकलुकायला लागली. तात्या पेपर टाकून उठून आले. चष्मा लावून त्यांनी पडदा पाहिला, मग कागदावरचा भंडारा पाहिला, मग तिच्या तळहातावरची कणी. ती कुणाच्या वाटीतली हे सांगायची गरज नव्हती. धोंडाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

म्हाळसानं कणी त्यांच्यापुढं धरली. आवाज चढवला नाही.

"नवमीला मी भायेरची न्हवते, आत्याबाई," ती म्हणाली. "आज हाय."

मोटरसायकलपाशी उभा असलेला बिरदेव आत डोकावला. मग धोंडाबाई ताडकन वळल्या, देवघरातून गोमूत्राची वाटी घेऊन आल्या आणि थेट कीबोर्डकडं निघाल्या. सोपा बाटला, मशीन बाटलं, आधी शुद्ध करायला हवं, असं पुटपुटत होत्या.

म्हाळसा खुर्चीतून उठून बाजूला झाली. "शिपडा," ती म्हणाली. "पर मग पुन्हा मला बोलवू नका."

धोंडाबाईंची बोटं वाटीत बुडलेली होती. तात्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा त्या लुकलुकत्या रेघेकडं. मग पुढं होऊन त्यांनी बायकोच्या हातातली वाटी काढून घेतली आणि खिडकीत ठेवली.

चुकलं असं ते म्हणाले नाहीत. सोप्यात भर सणाला विचारलेला प्रश्न कुणी परत घेतला नाही, आणि घेणारही नव्हतं, हे म्हाळसाला कळत होतं. तो राग तिनं जपून ठेवला, कारण तो खरा होता. तात्यांनी घसा खाकरला, टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर काढून हातात घेतलं आणि त्याच्याकडंच बघत विचारलं, "उद्या किती वाजता हाय तुझा क्लास?"

"नऊला," ती म्हणाली, आणि आकडा परत अंबाड्यात खोचला.