लाल गाडी, पिवळी गाडी

परतवाड्याहून अमरावतीला जाणाऱ्या जीपचा ड्रायव्हर मला नेहमी समोर बसवतो. माझा धाकटा भाऊ याच रस्त्यावर अपघातात गेला, हे कळल्यापासून त्याने ती जागा माझ्यासाठी राखली आहे. मागे दाटीत बसलेली माणसे कुरकुरली की तो म्हणतो, "सरायले मोकळं बसू द्या ना बाप्पा!" त्याच्या या मायेला मला नाही म्हणता येत नाही, आणि समोरचा रस्ता तर पाहवत नाही.

त्याला दोन महागड्या विदेशी स्पोर्ट्‌सकारचे वेड आहे. एक लाल, एक पिवळी. दोन्ही त्याने फक्त मोबाइलवर पाहिल्या आहेत. "लाल वळणावर रस्त्याले चिपकून रायते, सर. पिवळी मांगून अशी घसरते," म्हणत तो स्टिअरिंग हलवून दाखवतो. जीप डुलते. मागून एखादी बाई ओरडते, "कावून रे, मारून टाकतं का आमाले?" तो नुसता हसतो.

परवा मी धीर करून विचारले, "या दोघींत लवकर थांबते कोणती?"

जीपचा वेग उतरला. "हे तं मी कदी पाह्यलंच नाई," तो हळूच म्हणाला. माझी भीती त्याला कळली, असे वाटून मला बरे वाटले.

मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि अंगठ्याने शोधू लागला. "पिवळी, सर! हे पाहा, पिवळी लवकर थांबते." त्याची नजर मोबाइलवरच होती. समोरून संत्र्यांचा ट्रक येत होता, आणि तो फक्त मला दिसत होता.